पंचफुलाताईंच्या पायाची कमान

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पवनीच्या एस.टी. आगाराचे व्यवस्थापक माननीय वासुदेवराव हटवार साहेब. भंडाऱ्याहून आपला दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवून आलेल्या प्रमुख पाहुण्या माननीय डॉक्टर बोंद्रे मॅडम. व्यासपीठावर बसायला शेवटपर्यंत नाही म्हणणारे आणि तरीही बसवले गेलेले आसगावचे श्री. कैलाशभाऊ, ज्यांच्यासाठी आज कार्यशाळेच्या शेडला पताका लागल्या त्या सत्कारमूर्ती, वाहक आयुष्यमती पंचफुलाताई गजभिये, त्यांचे यजमान आयुष्यमान तेजरामजी, माझे चालक-वाहक बंधू आणि भगिनी, आज एक दिवस साबणाने हात धुऊन आलेले माझे कार्यशाळेतले सहकारी, आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून मागे टायरांवर बसलेल्या आसगावच्या मुलींनो!

मी तुलाराम कापगते, मूळचा सानगडीचा, या आगारातला हेड मेकॅनिक. मला भाषणाचा सराव नाही. इंजिनच्या आवाजावर ओरडण्याचा सराव आहे, त्यामुळे माइक थोडा लांब ठेवला तर मागच्यांचे कान वाचतील. सूत्रसंचालकांनी मला सांगितलं आहे की ताईंच्या सेवेविषयी चार शब्द बोला. चार शब्दांत पंचफुलाताई बसत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक आहे. तेव्हा मी सेवेबद्दल न बोलता पायाबद्दल बोलणार आहे. हसू नका. मान्यवरांच्या डोक्याबद्दल आणि हृदयाबद्दल सगळेच बोलतात. वाहकाची सगळी नोकरी ज्याच्यावर उभी असते त्या अवयवाबद्दल कधी कोणी दोन शब्द बोललं आहे का?

आपला जिल्हा दोन झाला, गोंदिया वेगळं झालं, त्याच्या पाठोपाठच्या भरतीत ताई आल्या. या आगारातल्या पहिल्या महिला वाहक. मला आठवतं, पहिल्या दिवशी आम्ही कार्यशाळेतले सगळे हातातलं काम टाकून बघायला उभे राहिलो होतो, की ही बाई गर्दीत कशी घुसते. ताई घुसल्या नाहीत. दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मांगं सरका जी, मी काही पातळ होऊन नाई येणार." आणि गर्दी सरकली! त्या दिवसापासून आसगावची फेरी ही ताईंची फेरी झाली. वेळापत्रकात काहीही लिहिलेलं असो, लोक "पंचफुलाबाईची गाडी" असंच म्हणतात.

आता ज्यांनी ही नोकरी केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाहक चालत्या गाडीत उभा राहतो म्हणजे काय करतो? पाठ सीटच्या दांड्याला टेकवतो, दोन्ही पाय फाकवतो आणि सगळा भार तळव्याच्या आतल्या अंगावर घेतो, कारण दोन्ही हात तिकिटात गुंतलेले. त्यात आपला आसगावचा रस्ता. त्या रस्त्याबद्दल मी व्यासपीठावरून काही बोलणार नाही, कारण कैलाशभाऊ शेजारी बसले आहेत आणि त्यांचे सरपंच समोर. एवढंच सांगतो की त्या फेरीच्या गाडीचे पाटे इतर गाड्यांच्या आधी बसतात. पाटे म्हणजे चाकावरच्या पोलादी कमानी, ज्यांच्यावर गाडी झोके घेते. वर्षानुवर्षं ओझं घेऊन ती कमान सपाट होते, त्याला आम्ही म्हणतो पाटे बसले. मग आम्ही ते उतरवतो, तापवतो, ठोकून पुन्हा कमान आणतो, आणि गाडी परत रस्त्यावर जाते.

एका पोळ्याच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की ताई गाडीतून उतरताना दांडा धरून उतरतात. मग लंगडायला लागल्या. मग एके दिवशी फेरीवरून आल्या आणि बाकावर बसून जोडे काढले, ते पुन्हा घालायला तयारच नव्हत्या. तेजरामजींनी त्यांना भंडाऱ्याला बोंद्रे मॅडमकडे नेलं. मॅडमनी तपासलं आणि सांगितलं, पायाची कमान बसली आहे. तळव्याच्या आतल्या बाजूला जी पोकळी असते, ती राहिलीच नाही. औषध आहे, व्यायाम आहे, जोड्यात घालायचा आधार आहे, पण उभं राहणं कमी करा.

उभं राहणं कमी करा! वाहकाला!

त्या वेळचे साहेब सज्जन होते. त्यांनी ताबडतोब ताईंना चौकशीच्या खिडकीत बसवलं. पंखा, खुर्ची, चहा जागेवर. कोणालाही हेवा वाटावा असं काम. त्यांच्या जागी वाहक सोमाजीभाऊंना आसगावच्या फेरीवर पाठवलं. प्रश्न मिटला असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

चार-सहा दिवसांनी आसगावचे काही शेतकरी खिडकीसमोर येऊन उभे राहिले. पुढे कैलाशभाऊ. त्यांची मुलगी खुशबू तेव्हा अकरावीला, पवनीला विज्ञान शिकायला येत होती. तिच्याबरोबर गावातल्या आणखी सात-आठ मुली. कॉलेज सुटलं की संध्याकाळची फेरी, आणि दिवाळीनंतर तर ती फेरी गावात पोचेपर्यंत अंधार. कैलाशभाऊ साहेबांना म्हणाले, "साहेब, बाई गाडीवर नसन त आमी पोरी नाई पाठवत जी."

साहेब म्हणाले, "अहो, सोमाजी देवमाणूस आहे."

"देवमाणूसच हाये जी. मी कुठं नाई म्हणतो? पण घरी मायले काय सांगू? मायनं खुशबूले सांगून ठेवलं हाये, बाई असन त जाय, नाई त घरी राय. अन् धान कापाले तशीबी मानसं नाई भेटून राहिले."

कैलाशभाऊ, मान खाली घालू नका. तुम्ही त्या दिवशी जे बोललात ते निम्म्या तालुक्यातले बाप घरी बोलत होते. तुम्ही निदान आगारात येऊन बोललात. आणि सुलोचनाबाईंना, म्हणजे तुमच्या मातोश्रींना, मीही त्या दिवशी मनातल्या मनात बरंच काही म्हणालो होतो. त्यांचा हिशोब सरळ होता. त्यांना बसवर भरवसा नव्हता, रस्त्यावर नव्हता, अंधारावर नव्हता. त्यांचा भरवसा एका बाईवर होता.

हे सगळं बोलणं खिडकीच्या आत बसलेल्या ताई ऐकत होत्या. काचेला जिथे गोल भोक असतं ना बोलायला, तिथूनच.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, मला फेरी परत द्या. साहेब म्हणाले, डॉक्टर रागावतील. बरीच हुज्जत झाली. शेवटी ठरलं ते असं, की सकाळची फेरी सोमाजीभाऊ करतील, संध्याकाळची ताई करतील, आणि हे फक्त दिवाळीच्या सुट्ट्यांपर्यंत. तोवर पाय जमला तर फेरी ताईंची. नाही जमला तर खिडकी कायमची, आणि मुलींचं त्यांच्या घरच्यांनी बघावं.

आणि मग ताई लंगडत माझ्या कार्यशाळेत आल्या. मी एका गाडीखाली होतो. मला फक्त त्यांचे जोडे दिसले. वरून आवाज आला, "तुलारामभाऊ, गाडीचे पाटे बसले त तुमी उठवता. माह्या पायाचे उठवून द्या ना."

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणूस काय म्हणेल? मी गाडीखालून म्हणालो, "देतो."

अध्यक्ष महोदय, मी थोडा गर्विष्ठ माणूस आहे. आमचे चालक नत्थूभाऊ तिथून "थोडा" या शब्दावर हसत आहेत, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. मला वाटलं, यात काय आहे? नागपूरहून ताईंनी जोड्यात घालायचे तयार आधार आणून पाहिले होते. त्यांची अडचण अशी की त्यांची उंची एकच. सकाळी बरे वाटायचे, दुपारी पाय सुजला की टोचायचे. उजव्याला बसायचे, डाव्याला नाही. म्हणजे हवं काय? उंची कमी-जास्त करता येईल अशी कमान. आणि कमान कमी-जास्त करण्यात माझा जन्म गेला!

मी कामाला लागलो. सुट्या भागांच्या पेट्यांना बांधलेली पोलादी पट्टी असते, पातळ आणि चिवट, ती घेतली. ती थोडी वाकवली. एक टोक पक्कं केलं, दुसरं सरकतं ठेवलं. स्क्रू आवळला की सरकतं टोक पुढे येतं आणि पट्टी मधून वर उचलली जाते, सैल केला की खाली बसते. वर जुन्या ट्यूबचं रबर, त्यावर सीटचं रेक्झिन. साहेब, हे सगळं भंगारातलं होतं आणि रीतसर विचारून घेतलं होतं, हे मी इतक्या साक्षीदारांसमोर सांगून ठेवतो.

ताईंना एकदम द्यायचं नव्हतं. आधी पक्कं करायचं होतं. म्हणून मी तीन जोड बनवले आणि ज्यांचे पाय दुखतात अशा तिघांना दिले. चालक नत्थूभाऊ, सोमाजीभाऊ आणि गेटवरचे दादाजी. दोन दिवसांनी विचारलं, "कसं वाटते?"

नत्थूभाऊ म्हणाले, "चालते."

सोमाजीभाऊ म्हणाले, "चालते जी."

दादाजी म्हणाले, "हाव, चालते ना!"

माझी छाती फुगली. मी त्याच मापाचा एक चांगला जोड ताईंसाठी केला, शिवण दुहेरी घातली, चहा मागवला, कार्यशाळेतल्या सगळ्यांना गोळा केलं. ताईंनी जोड्यात तो घातला, शेडपासून गेटपर्यंत चालत गेल्या, परत आल्या. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या म्हणाल्या, "नाई चालत."

मंडळी, मी या मातीत जन्मलो, वाढलो, पण हा शब्द इतक्या तोंडावर मी तोपर्यंत ऐकला नव्हता. माझं डोकं सटकलं. मी म्हणालो, "तिघाईचं चालते अन् तुमचंच काहून नाई चालत?"

ताई शांतपणे म्हणाल्या, "त्याईच्या जोड्यात हाये का, पाहून घ्या."

आम्ही पाहिलं. नत्थूभाऊंचा जोड विश्रांतीगृहातल्या टेबलाच्या पायाखाली होता. टेबल डुगडुगत नव्हतं, हे मान्य करायला हवं. सोमाजीभाऊंचा पिशवीत होता, टॉवेलमध्ये गुंडाळून, अगदी जपून. आणि दादाजी तो जोडे घालताना टाच सरकवायला वापरत होते. एकाच्याही पायाखाली नव्हता. मी तिघांना फैलावर घेतलं, की मग चालते म्हणाले काहून? तर सोमाजीभाऊ कळवळून म्हणाले, "तुमी एवढं मन लावून बनवलं, भाऊ. नाई कसं म्हणाचं?"

डॉक्टर मॅडम, तुम्हीही आमच्याच भागातल्या, तुम्हाला हे माहीत आहे. आपल्या झाडीपट्टीत "चालते" हे उत्तर नाही, तो पाहुणचार आहे. भाजीत मीठ नाही? चालते. बसायला जागा नाही? चालते. लग्नात जावई रुसला? तेही चालते. समोरच्याचं मन मोडू नये म्हणून आपण आयुष्यभर खडे टोचून घेतो आणि चालते म्हणतो. फार गोड माणसं आहोत आपण. पण या गोडव्यावर जोड्यातला आधार बनत नाही.

मी दोन दिवस फुगून होतो. ताईंशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, रागावले? मी नाई म्हटलं, ते तुमाले नाई म्हटलं. माह्याजवळ दिवाळीपर्यंतच वेळ हाये. चालते म्हणत बसाले मले टाइम नाई." आणि मग बसून त्यांनी मला सांगितलं. तुमचा स्क्रू खाली आहे, त्याला दहा नंबरचा पाना लागतो, मी तिकीट देऊ का पाना फिरवू? तुमची पट्टी मधोमध उंच आहे, ती इथे टोचते, पुढे, जिथे टोचायला नको. आणि शेवटी म्हणाल्या, "हा गाडीचा पाय हाये भाऊ, बाईचा नाई."

खरंच होतं. गाडीचा पाटा दोन्ही बाजूंनी सारखा असतो. पायाची कमान तशी नाही. मी भंडाऱ्याला फोन केला, तर मॅडम पुढच्या रविवारी स्वतः इथे आल्या. माझ्या हत्यारांच्या पेटीवर बसल्या. ताईंना पाय ओले करून सिमेंटवर ठेवायला लावले, शेजारी माझे पाय ठेवायला लावले, आणि दोन्ही ठशांवर खडूने रेघ मारून दाखवलं. कमान फक्त आतल्या अंगाला असते, टाचेच्या बाजूने चढते, बाहेरच्या कडेला उतरत जाते. किती उंचीच्या वर जायचं नाही, कडा कशा मऊ हव्यात, हे सगळं त्यांनी मला समजावलं. आणि ताईंना पायाच्या बोटांनी जमिनीवरचा रुमाल उचलायचा व्यायाम दिला. तेव्हापासून आगारात कोणाचा रुमाल पडला की ताई तो हाताने उचलत नसत. मॅडम, तुमचे उपकार आहेत.

पण माझा खरा प्रश्न वेगळाच होता. नवा जोड किती बरोबर आहे हे मला कळणार कसं? ताई खरं सांगत, पण त्या संध्याकाळी फेरीवर असत आणि रात्री परत येईपर्यंत दुखणं सगळ्या पायभर पसरलेलं असे. नेमकं कुठे टोचलं, हे त्यांनाही सांगता येत नसे. बाकीचे तिघे तर नको तितके भले. मग एक दिवस बेअरिंग बसवताना मला सुचलं. बेअरिंग नीट टेकतं की नाही हे आम्ही कसं पाहतो? निळा रंग लावतो, फिरवतो, उघडतो. जिथे टेकलं तिथे निळं उठतं. तिथे घासतो, पुन्हा लावतो. बेअरिंगला कोणी विचारत नाही, कसं वाटते म्हणून.

मी रेक्झिनवर निळा रंग लावला आणि नत्थूभाऊंना मोजे काढून चालायला लावलं. पाय उचलला तर तळव्यावर, अंगठ्याच्या मागे, ठसठशीत निळा डाग. आणि तोंडाने नत्थूभाऊ काय म्हणत होते? चालते! तोंड चालते म्हणत होतं आणि तळवा नाही म्हणत होता. मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठी मारली. त्यांना अजूनही कळलेलं नाही का ते.

त्यानंतर महिनाभर या आगारात निळ्या तळव्यांची साथ आली. ताई फेरीवर जाताना मी आत निळं लावून द्यायचो, त्या आल्या की पाय बघायचो, जिथे डाग गडद तिथे रबर तासायचो. एका सकाळी तेजरामजी धावत आगारात आले. आठवतं का, तेजरामजी? म्हणाले, "तुलारामभाऊ, हिले कालच्या फेरीत काही चावलं काय जी? दोन्ही तळपाय निळे पडले, अन् ही सांगतही नाई, नुसती हासते!" ताईंनी घरी काहीच सांगितलं नव्हतं. का नव्हतं? कारण जमलं नाही तर घरच्यांनी पुन्हा निराश व्हायला नको.

कारण आतून ताई घाबरल्या होत्या. आज त्या समोर हसत बसल्या आहेत, पण मी त्यांना त्या दिवसांत पाहिलं आहे. एकदा मी रबर तासत होतो, त्या स्टुलावर बसल्या होत्या, आणि मध्येच म्हणाल्या, "खुशबू मले म्हणे, मावशी, दिवाळीनंतर मी येईन का नाई तुमच्या पायावर हाये. मजाकमधेच म्हणे. पण भाऊ, रातभर माह्या डोक्यातून गेलं नाई." मी तासत राहिलो. मग चहा प्यायचं निमित्त करून उठलो.

स्क्रूचं कोडं शेवटी ताईंनीच सोडवलं. पाना नको, मग काय हवं? मी पेचकसाचा विचार करत होतो. ताईंनी पिशवीत हात घातला आणि रुपयाचं नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. वाहकाजवळ दुसरं काही नसलं तरी नाणं असतंच, निदान प्रवाशांना सुट्टे नाहीत असं सांगण्यापुरतं! मी स्क्रूचं डोकं मोठं केलं, त्याला नाण्याच्या जाडीची खाच पाडली आणि तो आतल्या कडेला, घोट्याच्या खाली आणला. टाच जोड्यातून थोडी वर उचलली की नाणं बसतं. सकाळी एक वळसा जास्त, पाय सुजला की एक वळसा कमी. पवनीहून निघताना एक उंची, खडीच्या रस्त्याला लागलं की दुसरी. उजव्याची वेगळी, डाव्याची वेगळी.

दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आदल्या दिवशीची फेरी. गाडी ठासून भरलेली, सणाचा बाजार, वर मुलींच्या सुट्टीच्या पिशव्या. मला नत्थूभाऊंनी नंतर सांगितलं की ताई एकदाही बसल्या नाहीत, सीट रिकामी झाली तिथे एका लेकुरवाळीला बसवलं. मी कार्यशाळेत वाट पाहत होतो. काम नव्हतं, तरी पाहत होतो. गाडी आली. ताई दांडा न धरता उतरल्या, हे मी लांबूनच पाहिलं, पण माझा विश्वास बसला नाही. मी निळ्या डागासाठी कंदील-बॅटरी घेऊन तयार. म्हटलं, "दाखवा पाय."

त्या म्हणाल्या, "पाहून घ्या. पण मले आज पायाची आठवणच नाई आली, भाऊ."

मंडळी, मला आजवर पगारवाढ मिळाली, बिल्ला मिळाला, एकदा विभागातून शाबासकीही आली. त्या वाक्याइतकं मला काहीच मिळालं नाही. मी रडलो. ग्रीसच्या हाताने डोळे पुसले आणि घरी गेलो तेव्हा मुलं मला पाहून हसली.

पुढचं तुम्ही सगळे जाणता. सुट्ट्या संपल्या, ताई पूर्ण फेरीवर परत आल्या आणि आज दुपारपर्यंत त्या फेरीवरून उतरल्या नाहीत. खुशबू बारावी झाली, पुढे शिकली, आज लाखनीला शाळेत विज्ञान शिकवते. आज तिच्या शाळेची परीक्षा असल्याने ती आलेली नाही, पण तिच्यामागे त्या गाडीतून शिकून गेलेल्या मुली आज इथे खुर्च्यांवर आहेत, आणि अजून शिकत असलेल्या मागे टायरांवर आहेत. जोड्यातल्या आधाराचं म्हणाल, तर मॅडमकडे येणाऱ्या कितीतरी जणांना, रुग्णालयातल्या सिस्टर, पोलीस, शाळेतले शिक्षक, असे आधार आम्ही करून दिले. रविवारी शेडमध्ये बसून करतो. प्रत्येकाच्या तळव्याला निळं लावतो. कोणाचंही तोंडी उत्तर घेत नाही. उद्यापासून आसगावच्या फेरीवर रीना मेश्राम जातील. रीनाताई, तुमचे पाय मी पाहिले, उत्तम आहेत. तरी निळं लावून बघू.

आता एकच सांगायचं राहिलं. आज ताईंची शेवटची फेरी होती आणि मी हट्टाने त्यांच्याबरोबर गेलो होतो. इतकी वर्षं त्या गाडीच्या पायाशी होतो, एकदा तिच्या सीटवर बसून बघावं म्हटलं. आसगावच्या थांब्यावर गाडी वळली तर तिथे सुलोचनाबाई उभ्या. वय झालेलं, कंबर वाकलेली, हातात पाण्याचा गडवा. आपल्याकडे घरी पाहुणा आला की आधी पायावर पाणी देतात, हे कोणाला सांगायला नको. पण ताई त्या गावात रोज जायच्या आणि गाडी फिरली की निघायच्या. इतक्या वर्षांत त्या गावात त्यांना कोणी पाहुणी म्हणून बोलावलं नव्हतं आणि त्यांनाही थांबायला वेळ नव्हता.

सुलोचनाबाई म्हणाल्या, "बाई, एवढे वर्सं तू आली अन् उभ्याउभ्याच गेली. आज पाय धू."

ताई गडबडल्या. "राहू द्या आजी, द्या इकडे, मीच घेतो."

"गाडीत आमी तुह्यं आयकलो. गावात तू माह्यं आयक."

ताईंनी थांब्याच्या ओट्यावर बसून जोडे काढले. आणि सुलोचनाबाई खाली बसल्या, आपल्या हाताने पाणी घातलं, तळवे चोळले, पदराने पुसले. आपल्या भागात कोणाच्या दारातली बाई कोणाच्या पायाला हात लावते आणि कोणाच्या नाही, हे इथे बसलेल्या जुन्या माणसांना मी सांगण्याची गरज नाही. थांब्यावर बराच गाव जमला होता. नत्थूभाऊंनी इंजिन बंद केलं. पाय पुसून झाल्यावर आजी म्हणाल्या, "चाल आता घरी. भात टाकला हाये." आणि ताई गेल्या, अनवाणी, हातात जोडे घेऊन, आणि गाडीतले सगळे प्रवासी त्या जेवून येईपर्यंत बसून राहिले.

व्यासपीठावरच्या मान्यवरांचे, मॅडमचे, कैलाशभाऊंचे, तेजरामजींचे आणि इतका वेळ कडक टायरांवर बसलेल्या मुलींचे मी मनापासून आभार मानतो. माझ्या बोलण्यात कोणाचं नाव राहिलं असेल, मान कमी पडला असेल, तर वयाने मोठ्यांनी पोटात घालावं आणि लहानांनी विसरून जावं. आणि अध्यक्ष महोदय, आज आसगावची फेरी भलतीच उशिरा आली आणि त्याचा जाब आपण अजून कोणाला विचारलेला नाही. त्यात ना ताईंची चूक, ना नत्थूभाऊंची. गाडी निघू द्यायची नाही असं मीच त्यांना सांगितलं होतं. तेवढी एक चूक मला माफ करा.

सर्वांना रामराम. ताई, तुम्हाला जयभीम.